आतल्या खोलीतली दोरी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या मावसबहिणीच्या घरात घडलंय, आणि शेवटी तो फोन आला तेव्हा मी तिच्यासमोर बसले होते.

ताई शिवणकाम करते. बाळ झालं तेव्हा ती, भावजी आणि तिच्या सासूबाई भाड्याच्या घरात राहत होते. जुन्या मऊ चादरी फाडून तिने बाळासाठी ढीगभर लंगोट शिवले. पण पावसाने झड लावली होती. वाळायचे कुठे? शेवटी भावजींनी आतल्या बिनखिडकीच्या खोलीत दोरी बांधली.

सकाळी टाकलेले ओले लंगोट दुपारी... कडकडीत वाळलेले.

घड्याही घातलेल्या.

ताईला वाटलं, सासूबाईच करतायत. तिला बरं वाटलं. रोज तसंच होऊ लागलं. एकदा चहा पिताना ती म्हणाली, "आई, राहू द्या हो त्या घड्या. तुमची कंबर दुखते."

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"मला वाटलं, तूच घालतेस."

भावजी कामावर गेलेले. बाळ ताईच्या मांडीवर.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला... फट्.

ओलं कापड झटकल्यासारखा.

पुन्हा... फट्.

सासूबाईंनी धीर करून दार ढकललं. आत कोणी नव्हतं. दोरी तेवढी हलत होती.

भावजींनी हसण्यावारी नेलं. म्हणाले, तुमच्या दोघींची झोप होत नाही, दुसरं काही नाही. ताईने मात्र त्या खोलीला बाहेरून कडी घातली. लंगोट स्वयंपाकघरात वाळत टाकले. दमट तर दमट.

मग बाळ रडेनासं झालं. भूक लागली तरी नाही. त्या दाराकडे बघत नुसतं पडून राहायचं. मध्येच हसायचं...

कोणीतरी खेळवत असल्यासारखं.

एका दुपारी ताई मशीनवर बसली होती. पाळणा पाठीमागेच. धागा तुटला म्हणून ती थांबली, सहज वळली.

पाळणा हलत होता... रिकामा.

सासूबाई तर अंगणात होत्या. ताई धावली ती थेट आतल्या खोलीकडे. कडी तशीच होती, बाहेरून घातलेली. तिने ती काढली.

बाळ आत होतं. जमिनीवर, वाळलेल्या लंगोटांच्या घड्यांवर, शांत झोपलेलं.

त्याला अजून कुशीवरही वळता येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी ते सगळे आमच्याकडे आले. लंगोट, पाळणा, सगळं तिथेच टाकून. नंतर भावजीही कधी हसले नाहीत.

महिनाभराने घरमालकांचा फोन आला. ते जरा वैतागलेलेच होते. तुमच्या बाळाचे लंगोट बादलीत भिजत पडलेत, म्हणाले. घेऊन जा, वास सुटलाय.

ताईने विचारलं, तिथे कोणी राहायला आलंय का?

"छे हो, घर बंदच आहे. मी आत्ता कुलूप काढलं. पण लंगोट... आज सकाळीच घाण केलेले वाटतात."

ताईने फोन ठेवला. बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. ती जवळ आली, त्याचं दुपटं बाजूला केलं आणि कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

मग अगदी हळू म्हणाली, "हे आपलंच आहे ना गं?"

मी हो म्हटलं.

पण ते लगेच म्हणता आलं नाही मला...