मोरीत ओतलेलं खमीर

फेज शहराच्या जुन्या भागात समोरून लादलेलं गाढव आलं, की माणसाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. तिथल्या एका घराची खालची खोली झुहूर त्या दुपारी धुवायला निघाली होती. काम साधंच होतं. भिंतीला ओल, ओलीवर काळी बुरशी, आणि तिची तीन वर्षांची रीम खोकून खोकून अर्धी झालेली.

"भिंतीत, मोरीत, उशीत, सगळीकडे सूक्ष्म जीव असतातच, बाई," डॉक्टर म्हणाले होते. "बहुतेक आपल्या वाटेला जात नाहीत. पण ही बुरशी पोरीच्या छातीत जातेय. हिला आधी घालवा."

सासू, लल्ला बतूल, असती तर तिने भिंतीला हात लावू दिला नसता. "घर कधी रिकामं नसतं गं," ती म्हणायची. "न दिसणाऱ्यांना दुखवू नये." पाव फुगवायला लागणारं आंबवलेलं पीठ, म्हणजे तिचं खमीर, याच खोलीतल्या मडक्यात असायचं. त्याला ती रोज पीठ-पाणी चारायची, नातवंडाला भरवावं तसं. पावाचा गोळा फुगत ठेवला की मधूनमधून तीन बोटं दाबून बघायची. खळगा टुणकन वर आला की म्हणायची, "अजून नाही." सावकाश भरला की, "झालं. भट्टीवर पाठवा." मग खिडकीतून हाक मारायची, आणि गल्लीतला भट्टीवाला येऊन कच्चे गोळे फळीवरून भाजायला न्यायचा. झुहूरला त्या बोटांचा मनापासून वीट आला होता. सासूच्या मरणाचा चाळिसावा दिवस उरकला आणि तिने बादली उचलली.

मडक्यातलं खमीर करडं पडलं होतं. त्याला आंबूस वास येत होता. तिने ते सरळ मोरीत ओतलं आणि वरून ब्लीच घातलेलं कढत पाणी. मोरीत कढत पाणी ओतण्याआधी तिकडची कुठलीही बाई 'बिस्मिल्लाह' म्हणते, म्हणजे मोरीखालच्या न दिसणाऱ्यांना बाजूला सरायला वेळ मिळतो. झुहूरची जीभही कधी चुकली नव्हती. पण ब्लीचच्या वाफेला भिऊन तिने तोंडाला फडकं करकचून बांधलं होतं, श्वास रोखून धरला होता. म्हणायचं राहून गेलं.

मोरी बराच वेळ खदखदत राहिली.

रीमचा खोकला त्याच संध्याकाळी थांबला. झुहूरला आनंदाने रडू आलं. भिंत पांढरीफटक झाली होती, घराला कसलाच वास उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती भांडी घासत होती, तेव्हा खोकला पुन्हा ऐकू आला. तसाच कोरडा, शेवटी शीळ वाजणारा. ती धावत खोलीत गेली. रीम गाढ झोपली होती, ओठ मिटून.

खोकला मोरीतून येत होता.

वरच्या मजल्यावरची हाज्जा तामू जिन्यावर भेटली. "एवढं घासलंस, आता भिंतीला मेंदी पण लाव!" ती हसली. मग झुहूरचा चेहरा बघून तिचा आवाज खाली आला. "पाणी ओतताना नाव घेतलं होतंस ना?"

"तोंड बांधलं होतं, हाज्जा..."

"आणि लल्लाचं खमीर?"

झुहूरने खाली मोरीच्या दिशेने बघितलं. तामूने वरून मीठ आणून तिच्या मुठीत कोंबलं, "मोरीभोवती टाक, ते लांब राहतील," म्हणाली आणि भराभर जिना चढून गेली. मोरीभोवती टाकलेलं ते मीठ सकाळी ओलं, चिकट, मळल्यासारखं झालं होतं. त्या दिवसापासून झुहूरच्या हातचा पाव फुगेना. दुकानातलं यीस्ट घातलं तरी गोळा दगडासारखा पडून राही. घरात आंबूस वास मात्र परत आला. भिंतीला नव्हता, मोरीलाही नव्हता. तो रीमच्या केसांना येत होता.

शुक्रवारी सकाळी तिने रीमला आंघोळीला बसवलं. पोर गोरीपान, गुबगुबीत दिसत होती. अंग ऊन लागत होतं, पण ताप नव्हता. सदरा काढला तर छातीवर तीन खळगे, ओळीने. झुहूर बघत असतानाच ते टुणकन वर आले.

"हे काय गं, राणी? कुणी केलं?"

"आजी दाबून बघते," रीम म्हणाली. "रोज बघते. म्हणते, अजून नाही..."

झुहूरने पोरीला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. आता ती मोठमोठ्याने नाव घेत होती, पुन्हा पुन्हा, घसा सुकेपर्यंत. आईकडे निघून जायचं, आत्ताच्या आत्ता. कपडे चढवायला तिने टॉवेल सोडला. छातीवर पुन्हा तीन खळगे होते. या वेळी ते सावकाश भरत होते... अगदी सावकाश.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर भट्टीवाला बा अल्लाल उभा होता, खांद्यावर पाव न्यायची रिकामी फळी.

"मी नाही बोलावलं तुम्हाला," झुहूर कशीबशी म्हणाली.

"तू नाही गं, पोरी," म्हातारा कपाळ पुसत म्हणाला. "खिडकीतून हाक आली. झालं म्हणे, घेऊन जा."