थेंबभर प्रतिपिंड

बर्फाची बादली घेऊन ती वळली, आणि समोरच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकावर जवळजवळ आदळलीच.

"सावकाश! बर्फ कुठे पळून चाललाय का?" तो म्हणाला.

ती ओशाळली. पण गरजवंताला अक्कल नसते. "तुमच्याकडे... आरएनए पॉलिमरेजच्या मोठ्या तुकड्याचं प्रतिपिंड मिळेल? आमचं संपलंय."

पेशीत जनुकांची नक्कल उतरवणारं हे यंत्र बारा तुकड्यांचं. त्यातला एकच हुडकायचा, तर नेमकं त्यालाच चिकटणारं प्रतिपिंड हवं. त्याने थेंबभर दिलं आणि तो हसला. "परत नको. तो तुकडा सापडल्याची पट्टी फिल्मवर उमटली की दाखवायला मात्र या."

पट्टी उमटली. ती दाखवायला गेली... आणि मग थेंबभर मागायला जातच राहिली.

घरी ती एकटीच. मोरीत एकच कप, दाराशी एकच चपलांचा जोड. आई आठवड्यातून एकदा फोनवर "जेवलीस का?" विचारायची, एरवी कुणी काही विचारत नसे. तो विचारायचा. काल का दिसला नाहीत, डोळे का लाल... त्या दोन मिनिटांवर ती आठवडा काढायची. म्हणून तर मार्चमध्ये आलेली प्रतिपिंडाची नवी कुपी तिने प्रयोगशाळेतल्या फ्रीजरच्या तळाशी दडवली.

आज त्याचा इथला शेवटचा दिवस. नोकरी दुसऱ्या शहरात लागली होती. उरलेलं प्रतिपिंड ठेवायला तो तिच्या प्रयोगशाळेत आला आणि फ्रीजरकडे वळला. ती आडवी आली. चोराच्या मनात चांदणं! तोवर त्याने दार उघडून तळाची कुपी उचललीही.

"ही तर... मार्चची. सीलसुद्धा फोडलेलं नाही!"

तिने कुपी घ्यायला हात पुढे केला.

"मग सहा महिने माझ्याकडे का मागत होतात?"

"तुमच्याकडे यायला... दुसरं कारण सुचलं नाही."

तो कुपीकडे बघत राहिला. "माझं यावरचं काम एप्रिलमध्येच संपलं. नंतरची कुपी मी सरांच्या मागे लागून मागवली. तुम्ही याल म्हणून."

तिला हसू फुटलं, आणि पाठोपाठ रडू. सहा महिने! आणि उद्या सकाळी हा निघणार.

"दोघंही अतिशहाणे," ती नाक पुसत म्हणाली.

"थांबता नाही येणार मला."

"माहीत आहे."

"पण सुट्टीला येईन. काही द्यायला नाही, घ्यायला नाही... नुसताच. येऊ?"

उघड्या फ्रीजरचा भोंगा केव्हाचा कोकलत होता. तिचं लक्षच नव्हतं.

"या," ती म्हणाली. "याच."