ठशात अडकलेला एपाफ्रा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझा मामा थॅलस थापा मारायचा, पण फक्त दारूच्या गुत्त्यावर. ही गोष्ट त्याने शुद्धीवर असताना सांगितली. खरी आहे.

सम्राट तिबेरियसचं राज्य. रोमची टांकसाळ. सॅटर्न देवाच्या सणाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ.

मामा घण मारायचा. समोर बसून एपाफ्रा तापलेली काशाची चकती ठशावर ठेवायचा. खालच्या ठशात सम्राटाचा चेहरा, वरच्यात अक्षरं. दोघेही गुलाम.

त्या दिवशी एपाफ्राचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याची बायको क्रेस्टे सकाळपासून बाळंतपणात अडली होती.

पण सकाळी दिलेलं कासं वजनात भरल्याशिवाय टांकसाळीची कडी निघत नसे. मग आत कुणी मेलं तरी.

मुकादम दामाने तराजू धरला.

एक चकती कमी.

एपाफ्रा म्हणाला, वरच्या ठशाला चिकटली असेल. असं होतं. मग पुढच्या नाण्यावर अक्षरांच्या जागी चेहरा उमटतो, आत खचलेला. मामाने शेवटचं नाणं उलटलं. खचलेला चेहरा होता.

मग त्याने वरचा ठसा उलटून पाहिला...

ठसा मोकळा होता.

ठोकायची राहिलेली शेवटची चकती ठोकून पाहिली. पुन्हा तेच. पण सम्राट नाण्यावर कायम एका बाजूला बघतो. हा चेहरा थोडा समोर वळला होता.

त्याच चकतीवर अजून एक घाव. एपाफ्राने छाती दाबून धरली.

चेहरा पूर्ण समोर आला... मोडकं नाक. भुवईवर व्रण.

मामाने घण खाली ठेवला. दामाला त्यात नुसतं बिघडलेलं नाणं दिसत होतं. त्याने शिव्या घातल्या, पण मामा ढिम्म हलला नाही.

तेवढ्यात बाहेरून पहारेकऱ्याने सांगितलं, मुलगी झाली. पण क्रेस्टेचं रक्त थांबत नाही.

"दादा, मार," एपाफ्रा म्हणाला.

"अरे, हे तुझं तोंड आहे."

"असू दे. मला घरी जायचंय."

मामा हलेना. तेव्हा एपाफ्राने घण स्वतःच उचलला. मामाने डोळे मिटले.

ठण्ण...

मग काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

मामाने डोळे उघडले. समोरची जागा रिकामी. खिडकी नाही. दार बंद.

दामाने पुन्हा वजन केलं.

भरलं.

कडी निघाली. एपाफ्रा पळाला, असं दामाने वर कळवलं. नाणी पोत्यात भरून बाजारात गेली. मामाने त्याच रात्री क्रेस्टेला सगळं सांगितलं.

क्रेस्टे वाचली. आता चणे विकते. आलेलं प्रत्येक नाणं उलटून बघते. लोकांना वाटतं, बाई संशयी आहे.

परवा एक नाणं बघून ती तशीच बसून राहिली. मग तिने मुलीला जवळ बोलावलं.

"ये," ती म्हणाली. "तुझे बाबा आले."

मी चणे घ्यायला समोरच उभा होतो. वाकून बघायची माझी हिंमत झाली नाही.