बर्फाखालची ओल

डूगल मांडीपर्यंत चिखलात रुतला, तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की निदान कोणी बघत नाहीये. दुसरा विचार यायच्या आत मागून एका बाईचा आवाज आला.

"हलू नका. एवढे हातपाय तर चिखलात फसलेली गायसुद्धा मारत नाही."

त्याने मान वळवली. लाल लोकरी टोपी, थंडीने त्याच रंगाचं झालेलं नाक, आणि शेजारी एक काळा-पांढरा कुत्रा. कुत्र्याला हा सगळा प्रकार फारच आवडलेला दिसत होता.

तिने पाठीवरची पिशवी बर्फावर आडवी टाकली, तिच्यावर गुडघे टेकले आणि त्याला खुर्चीत बसल्यासारखं मागे रेलायला सांगितलं. पाय ओढायचा नाही, नुसता हळूहळू हलवायचा, म्हणजे बाजूने पाणी आत शिरतं आणि चिखल सोडतो. डूगलने तसं केलं. मग तिने हात धरून ओढलं. पाय बाहेर आला. बूट आतच राहिला.

तिचं नाव इश्बेल. गावातले म्हातारे गुरांचे डॉक्टर गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी पडले होते, त्यांच्या जागी ती हिवाळ्यापुरती आली होती. गायी ओढून काढायची सवय आहे, असं ती म्हणाली. त्या मानाने तुम्ही हलके निघालात, हेही म्हणाली.

डूगलने कुरकुरत सांगितलं की आठवडाभर एवढी कडाक्याची थंडी पडली, खालचा चिखल दगडासारखा गोठला असेल असं त्याला वाटलं होतं.

"थंडी नंतर पडली. आधी बर्फ पडला," इश्बेल म्हणाली. "जमिनीवर गोधडी घातल्यावर ती गारठणार कशी? आत सगळी ओल तशीच आहे."

मग तिने डोक्यावरची टोपी काढली आणि सरळ त्याच्या ओल्या मोज्यावर चढवली. वरून पावाची प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर दोरी. गाठ मारता मारता तिने विचारलं, "घरी कोणाला सांगून आलात का, कुठे जाताय ते?"

"घरी..." डूगल त्या गाठीकडे बघत राहिला. "घरी कोणी नाही."

तिने 'अरेरे' म्हटलं नाही. मान एका बाजूला कलती करून दयेनं बघितलंही नाही. नुसता खांदा पुढे केला. त्या खांद्यावर हात ठेवून, एका पायात बूट आणि एका पायात टोपी घालून डूगल गावात उतरला.

गुरुवारी टोपी धुऊन, वाळवून तो मिसेस रेनींच्या चहाच्या दुकानात गेला. इश्बेल दर गुरुवारी दुपारी तिथे मसूरडाळीचं सूप प्यायला येते, हे त्याने कुत्र्याच्या नावासकट शोधून काढलं होतं. कुत्र्याचं नाव टॅम होतं.

इश्बेलने टोपी हातात घेतली, उलटसुलट केली. "आटली की हो!"

"गरम पाण्यात धुतली."

"लोकर? गरम पाण्यात?" तिने ती डोक्यावर ठेवून पाहिली. टोपी शेंडीपुरती बसली. मिसेस रेनी काउंटरमागे खोकल्यासारखं काहीतरी करून आत निघून गेल्या.

मग इश्बेलने विचारलं, की ज्याला डोंगराची एवढी आवड आहे, त्याला जमीन कशी बघावी हे ठाऊक नसावं? डूगलने सूप ढवळत ढवळत सांगून टाकलं. तो सुतार. दारं-खिडक्या करायचा. डोंगर चढायचा तो बायकोबरोबर. एल्स्पेथ पुढे, तो मागे. हवामान ती बघायची, नकाशा ती वाचायची, कुठे पाय टाकायचा ते ती ठरवायची. तो डबा आणि थर्मास वाहायचा. तीन वर्षांपूर्वी ती गेली. त्याआधीच्या हिवाळ्यात ती दोघं बेन लियाथ या डोंगरावर निघाली होती, पण शेवटच्या चढाखालून परत फिरली. पुढच्या वर्षी येऊ, असं एल्स्पेथ म्हणाली होती.

"ते एक राहिलंय," तो म्हणाला. "या हिवाळ्यात करायचंय. एकट्याने."

इश्बेलने सूप संपवलं. मग तिने सुपाचा वाडगा बाजूला सारला आणि टेबल पुसलं. "नकाशा घेऊन या पुढच्या गुरुवारी. आणि हो... नवीन बूटही घ्या."

असे ते गुरुवार सुरू झाले.

इश्बेलची शिकवायची पद्धत उलटी होती. डोंगराचा बेत पायथ्यापासून आखायचाच नाही, असं ती म्हणायची. आधी संध्याकाळी कुठे परतायचंय तिथे बोट ठेवायचं, अंधार कधी पडतो ते बघायचं, आणि तिथून मागे मागे यायचं. मग परत फिरायची जागा ठरवायची. ती घरी बसून ठरवायची, कारण वर गेल्यावर माणूस स्वतःशी खोटं बोलतो. मग आठवडाभराचा वारा. वारा ज्या बाजूने आला, त्याच्या उलट्या उतारावर बर्फाचे ढीग साठतात, तिकडे फिरकायचं नाही. आणि खाली माळावर जिथे हेदरची झुडपं बर्फातून डोकी वर काढून आहेत, तिथे खुशाल पाय टाकायचा. जिथे सगळं गुळगुळीत, सपाट, सुंदर दिसतंय, तिथे अजिबात नाही.

"सुंदर दिसतंय तिथे नाही?" डूगलने विचारलं.

"अजिबात नाही," ती म्हणाली, आणि उगाचच नकाशावर जास्त वाकली.

दुसऱ्या गुरुवारपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. बाहेर काचेवर बर्फ थापला जायचा, आत टॅम दोघांच्या पायांवर मिळून एकच झोप काढायचा. तो टेबलाखाली असल्यामुळे पाय हलवता येत नाहीत, अशी दोघांचीही तक्रार असायची. कोणी त्याला उठवत मात्र नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी डूगलने नकाशावर आखलेली वाटेची रेघ बरोबर आली. वारा, उजेड, माळ, सगळं. इश्बेलने दोनदा तपासली. "झालं की. आता माझी काय गरज?" असं म्हणून ती हसली आणि कोट शोधायला लागली.

घरी जाताना डूगलला छातीत पोकळ पोकळ वाटत होतं. बायकोसाठी डोंगर चढायला निघालेल्या माणसाला असं वाटणं शोभत नाही, हे त्याला समजत होतं. समजूनही ते वाटणं थांबेना.

त्यानंतरच्या गुरुवारी त्याने रेघ सरळ दलदलीतून नेली.

"अरे, इथे लव्हाळी आहेत! लव्हाळी म्हणजे खाली पाणी. शिकवलं होतं ना?"

विसरलो, तो म्हणाला. पुढच्या गुरुवारी तो वाऱ्याची दिशा विसरला. मिसेस रेनींनी गोड पावासारखे स्कोन आणून ठेवताना नकाशावर एक नजर टाकली. "पोरा, माझ्या दुकानाचं दार तूच केलंस ना? ते तर अगदी नीट बंद होतं. तेव्हा नव्हतास रे असा विसराळू."

डूगलचे कान तापले. इश्बेल स्कोनला लोणी लावत राहिली. खूपच वेळ लावत राहिली.

फेब्रुवारी संपत आला. मधे दोन दिवस पाऊस झाला, बर्फाची गोधडी फाटली, माळ काळा-पांढरा झाला. आणि मग आभाळ मोकळं होऊन खरा गारठा पडला. त्या गुरुवारी इश्बेल उशिरा आली. तिने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की म्हातारे डॉक्टर आता काठीशिवाय चालतात. त्यांना अर्ध्या कामाला माणूस हवाच आहे, पण तिला लुईस बेटावरून पूर्ण वेळच्या कामाचं बोलावणं आलंय. सोमवारी उत्तर द्यायचंय.

"लुईस," डूगल म्हणाला. "तिथे तर सगळीच दलदल."

"हो ना. कामाला तोटा नाही."

आता बोलायला हवं होतं. त्याने पेन्सिल उचलली, खाली ठेवली. आणि तोंडातून निघालं ते वेगळंच. शनिवारी बेन लियाथला जातो म्हणाला.

इश्बेलने नकाशा त्याच्यासमोर सरकवला. "मग आख. माझ्यासमोर."

त्याने वाट आखली. न थांबता, न खोडता. तिने रेघेवरून सावकाश बोट फिरवलं.

"हे तुला तिसऱ्या गुरुवारीच येत होतं, डूगल."

डूगलने पेन्सिल कानामागे खोचली.

"एकाच दलदलीत माणूस पुन्हा पुन्हा पाय घालतो, तेव्हा त्याला चिखल आवडत असतो... नाहीतर ओढून काढणारी." तिने टोपी डोक्यावर ठेवली. ती तशीच शेंडीपुरती बसली. दारापाशी ती थांबली. "परत फिरायची जागा नाही लिहिलीस. आणि खाली उतरल्यावर कोणाला कळवणार, तेही नाही."

शनिवारी जमीन खरोखरच लाकडासारखी वाजत होती. गेल्या महिन्यात ज्या माळाने त्याला गिळलं होतं, त्याच माळावरून डूगल खट्खट् चालत गेला. दुपारच्या आत तो शेवटच्या चढाखाली पोचला. तिथे एक मोठा खडक होता. त्याच्या पुढचा, माथ्याकडचा उतार रात्रीत फिरलेल्या वाऱ्याने आणलेल्या ताज्या बर्फाने फुगला होता. चढू म्हटलं तर चढता आलं असतं. पण तो उतार बरोबर त्या बाजूचा होता, जिकडे फिरकायचं नाही.

तो खडकावर बसला. याच खडकावर एल्स्पेथ बसली होती, दुधाच्या वडीचा तुकडा चघळत. परत फिरावं लागतंय म्हणून तो त्या दिवशी हिरमुसला होता. ती नव्हती. पाय हलवत म्हणाली होती, काय छान दिवस गेला रे. तिचं काहीच राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते त्याच्याच मनात, आणि तीन वर्षं तो ते तिच्या नावावर वाहत होता.

डूगलने खिशातून एक वडी काढली, अर्धी खाल्ली, अर्धी खडकावर ठेवली. मग उठला आणि परत फिरला.

उतरताना माळावर त्याला आधी कुत्रा दिसला. मग ती आटलेली लाल टोपी.

"इकडे एक मेंढी बघायला आले होते," इश्बेल म्हणाली.

"कुठे आहे मेंढी?"

"...बरी झाली. गेली." तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं. "माथा झाला?"

त्याने नकारार्थी मान हलवली. खडकापासून फिरलो म्हणाला. वारा रात्रीत फिरला होता. तिच्या चेहऱ्यावर कौतुक आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"इश्बेल," तो म्हणाला. त्याला वाक्य जुळवायला वेळ लागत होता, पण आज तो थांबला नाही. "मी खाली उतरलो, हे कोणाला तरी कळवायचं असतं ना... ते मला तुला कळवायचंय. आज. आणि दर वेळी. गुरुवारीच सांगायचं होतं. जमलं नाही."

वारा पडला होता. टॅम दोघांच्या मधे बसून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

"सोमवारी काय उत्तर द्यायचं, ते तुझं तू ठरव," डूगल म्हणाला. "पण तूच शिकवलंस... संध्याकाळी कुठे परतायचंय, तिथे आधी बोट ठेवायचं."

इश्बेल वळली आणि चालू लागली. तो मागून. थोडं पुढे गेल्यावर ती थांबली आणि तिने टाचेने जमिनीवर टकटक केलं.

"ही तीच जागा. तुझा बूट इथेच आहे."

"आता कसला निघतोय. गोठला."

"आत्ता नाहीच निघायचा." तिने हातमोजा काढला आणि हात त्याच्या कोटाच्या खिशात सरकवला, जणू तो तिचाच खिसा होता. "उन्हाळ्यात मी इथेच आहे, तेव्हा काढू आपण. जमीन मऊ झाली की."