मंगळवारचा दणका

कड्यावरचं यंत्र चुकतंय की खरं बोलतंय, हे भूकंपशास्त्रज्ञ राजेश्वरीला संध्याकाळी पाचच्या आत शोधून काढायचं होतं.

अकोले तालुक्यातली कपारवाडी एका उभ्या कड्याच्या पायथ्याशी बिलगून बसलेली. कड्याच्या माथ्यावर, सिमेंटच्या चौथऱ्यात, देशभरच्या भूकंप-जाळ्यातलं एक मापक पुरलेलं होतं. जमीन हलली की अशी शेकडो मापकं आपापले आकडे पाठवतात आणि त्यातून नकाशा रंगतो. जोरात हललं तिथं तांबडा, जेमतेम हललं तिथं हिरवा. आठ दिवसांत वाडी तीनदा हादरली. नकाशात मात्र ती हिरवीगार! हे मापक दर मंगळवारी सकाळी दहाला, शेजारचं एकही यंत्र हललेलं नसताना, दणका नोंदवायचं. बिघडलं असावं म्हणून जाळ्याच्या मुख्य केंद्रानं त्याचे आकडे वगळले होते. आणि तोच हिरवा नकाशा बघून तहसीलदार पाचला ठरवणार होते, बेचाळीस घरं हलवायची की नाही.

वाट दाखवायला वाडीतले गहिनीनाथबाबा निघाले. त्यांची बायको छबूबाई दारात फुटकी मडकी वेचत होती, तोंडानं गुणगुणत होती,

"हालला गं डोंगर, उतरंड कलंडली,
बाळाची माझ्या झोप अंगणी सांडली."

मग नवऱ्याकडं बघून म्हणाली, "दर मंगळवारी उड्या मारत जातंय म्हातारं. आज कडा ढिला झालाय, पाय बघून टाका. आन् ताईला मागं ठिवू नका."

वाट निम्म्यावरच तुटली होती. दरड कोसळून घळ दगडांनी भरलेली. एकावर पाय ठेवावा तर चार घरंगळत खाली जायचे, आणि खाली वाडीची कौलं. तिघंही श्वास रोखून एकेक पाऊल टाकत होते. यंत्राचा तंत्रज्ञ ओंकार पाठीवर बॅटरी घेऊन धापा टाकत होता.

"मॅडम, ही बॅटरी माझ्या मेव्हण्यासारखी आहे. एकदा मानगुटीवर बसली की हलत नाही."

कुणी हसलं नाही. कड्याच्या पोटातून बारीक खडे सुटल्याचा आवाज येत होता.

तीनला ते माथ्यावर पोचले. वारा होता, वाळली कारवी सळसळत होती, आणि चौथऱ्याच्या झाकणावर शेंदूर होता. भोवती शेंड्या, करवंट्यांचा खच.

राजेश्वरीनं वळून पाहिलं. गहिनीनाथबाबांच्या हातात पिशवीतून काढलेला नारळ होता.

"बाबा, हे तुम्ही करता?"

"व्हय. दर मंगळवारी. यंत्र बसवणारा सायेब म्हन्ला हुता, हे डोंगरावर ध्यान ठिवतंय. ध्यान ठिवनाराला काय उपाशी ठिवायचं?"

राजेश्वरीनं लॅपटॉप जोडला. "आता एक फोडा. दर मंगळवारी फोडता तसाच."

खाडकन् आवाज झाला. पडद्यावर एकच टोकदार रेघ उठली आणि विरली. मंगळवारच्या साऱ्या रेघा हुबेहूब तशाच. वाडी हलली त्या तीन वेळच्या मात्र निराळ्या. हळूच सुरू झालेल्या, फुगत गेलेल्या, कितीतरी वेळ थरथरत राहिलेल्या. यंत्र धडधाकट होतं.

तिनं केंद्राला फोन लावला, रेघा पाठवल्या. "मंगळवार दहाचे तेवढे काढा. बाकीचं सगळं खरं आहे."

"तपासून आकडे परत नकाशात घेतो. थोडा वेळ द्या."

बाबा फुटक्या नारळाचे तुकडे पिशवीत भरता भरता थांबले. "म्हंजी माज्या नारळानं वाडी हिरवी झाली?"

ती उत्तर देणार तोच जमीन गुरगुरली. करवंट्या नाचल्या. चौथऱ्याच्या अलीकडून, गवतातून, एक भेग सरसरत गेली.

"मॅडम, मागं या!" ओंकार ओरडला.

यंत्र भेगेपलीकडं. लॅपटॉपची वायर त्यात अडकलेली. राजेश्वरीनं हात पुढं केला. बाबांनी तिचं मनगट धरलं आणि मागं ओढलं. लॅपटॉप गेला. बॅटरी गेली. मग कड्याची अख्खी कड, शेंदरासकट, दिसेनाशी झाली.

खालून धुरळा वर आला. वाडी दिसेना.

घळ आता उरलीच नव्हती. पलीकडच्या सोंडेवरून घसरत, खरचटत ते उतरले. वाटेत ओंकारच्या मोबाईलला रेंज आली. त्यानं नकाशा उघडला आणि पुढं केला. कपारवाडी तांबडी झाली होती. शेवटचे आकडे पाठवूनच यंत्र गेलं होतं.

पायथ्याशी वरची तीन घरं दगडाखाली होती. माणसं नव्हती. सगळी दूर खळ्यावर, लेकरं-गुरं घेऊन. छबूबाईनं पहिल्या गुरगुरीलाच हाका मारून सगळ्यांना बाहेर काढलं होतं. तहसीलदारांच्या गाड्या साडेपाचला आल्या.

बाबांनी पिशवीतून फुटक्या नारळाचा तुकडा काढला, राजेश्वरीच्या तळहातावर ठेवला. "नवी पेटी बसवाल तवा सांगा, ताई. लांबूनच हात जोडीन."

त्या संध्याकाळी कपारवाडीत एकही चूल पेटली नाही. पलीकडच्या माळावर बेचाळीस पेटल्या.