शनिवारची बंदूक

बंदुकीच्या दुकानात कुणी प्रेमात पडतं का हो? पडतं की! पण ज्या दिवशी या दोघांची गाठ पडली, त्या दिवशी प्रेमाचं नाव काढायची कुणाची छाती झाली नसती.

केंटकीच्या डोंगरात, बंद पडलेल्या कोळसाखाणीच्या खालच्या अंगाला कोम्ब्सचं दुकान आहे. फेब्रुवारीतली दुपार. बाहेर बर्फाळ पाऊस पत्र्यावर तडतडत होता आणि काउंटरवर होती डेल्फिया, व्हर्जिल कोम्ब्सची एकुलती एक. व्हर्जिल अर्धांगाच्या झटक्यानंतर स्टोव्हजवळच्या खुर्चीत बसून नुसते टोमणे मारायचे; दुकान तीच बघायची. दार उघडलं आणि एक उंच माणूस आत आला. टोपीवरून पाणी ठिबकत होतं, ते त्यानं झटकलंसुद्धा नाही.

"एक पिस्तूल हवंय."

"कशाला? घरात ठेवायला, की नेमबाजीला?"

"कुठलंही चालेल."

डेल्फियाला आठवलं. आदल्या हिवाळ्यात असाच एक गप्प माणूस आला होता. त्यानंही किंमत विचारली नव्हती, तोही 'कुठलंही चालेल' म्हणाला होता. संध्याकाळी शेरीफचा फोन आला, त्या माणसानं स्वतःवरच गोळी झाडली होती; तेव्हा कुठे तिला कळलं आपण काय विकलं ते. तेव्हापासून ती गिऱ्हाइकाच्या हातांकडे बघायची. याचे हात कामाचे होते, ग्रीसनं काळे... आणि ते थरथरत होते.

नाही म्हणायचा हक्क तिला होता. पण मग हा उठून पुढच्या गावी जाईल... तिथे कोण बघणार याच्या हातांकडे? तेवढ्यात त्याची नजर तिच्या मागच्या भिंतीवर अडकली.

"ती मशीनगन — रायझिंग ना? आमच्या आजोबांकडे होती. महायुद्धात, जपान्यांशी एका बेटावर लढताना."

"हो? कशी होती म्हणे?"

"भिकार." त्याच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. "सारखी अडकायची. शेवटी वैतागून नदीत फेकून दिली त्यांनी."

डेल्फियानं तेवढाच धागा पकडला. "मग ती नदीतली परत घ्या की! पिस्तुलं काय, मेली कुठेही मिळतात. बसा. कॉफी घ्या. मशीनगन घेणं म्हणजे बटाटे घेणं नव्हे. शहाऐंशी सालापासून तुमच्या-आमच्यासाठी नव्या मशीनगनची सरकारी नोंद बंद. जुन्या नोंदलेल्याच काय त्या या हातातून त्या हातात जातात, म्हणून भाव गगनाला."

तो बसला. का बसला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"ती गोल डब्याची थॉम्पसन?" त्यानं उगीच विचारलं.

"घर विकावं लागेल."

"ही चौकोनी?"

"मॅक. त्यातल्या त्यात स्वस्त. पण दिसायला पत्र्याचा डबा, आणि पापणी लवायच्या आत रिकामी."

"आणि ही स्टेन?"

"नळ दुरुस्त करणाऱ्यानं जेवणाच्या सुट्टीत जोडावी तशी. शिवाय बंदुकीवर एक नंबर आणि नोंदीत दुसरा निघाला, तर पैसेही गेले आणि वर तुरुंग. रायझिंग घ्या. जुन्या ट्रकच्या किमतीत येते, नंबर मी स्वतः ताडून पाहिलाय."

"आज नेता येईल?"

"छे! बोटांचे ठसे, फोटो, मग वॉशिंग्टनची मंजुरी... वर्षभर तरी लागेल. तोवर ती इथेच राहणार. पण तुम्ही शनिवारी तिला भेटायला येऊ शकता. मी समोर असले तर मागच्या आवारात चालवूही शकता."

"बंदुकीला... भेटायला?"

"हसू नका! सगळेच येतात. काही लोक तर केकसुद्धा आणतात."

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "वर्षभर..." तो पुटपुटला. मग पेन उचलून त्यानं सही केली, ऑरिन स्टिडहॅम. पिस्तुलाचा विषय पुन्हा निघाला नाही.

तो गेल्यावर व्हर्जिल म्हणाले, "बरी विकलीस की ती भिकार बंदूक!"

"बाबा, तो शनिवारी यायला हवा हो. बाकी मला काही नको," असं म्हणून डेल्फियानं कॉफीचे कप उचलले.

तो आला. पुढच्याही शनिवारी आला. शाळेच्या बसगाड्यांचा मेकॅनिक होता तो, बोलणं मोजकं. दोन शब्द बोलला तर बोलला, नाहीतर नुसतं बंदुकीला तेल पाजून जायचा. व्हर्जिलकडेही एक रायझिंग होती, विकायची नसलेली. दोन्ही एकदम खोलल्या की म्हातारा खुर्चीतून ओरडायचा, "टेबलं वेगळी! या बंदुकांचा एकेक भाग हातानं घासून बसवलेला असतो रे बाबांनो. हिचा बोल्ट, हा आतला सरकता दांडा, तिच्यात घातलात की अडकलीच! तिकडे युद्धात पोरांनी सगळ्या बंदुकांचे भाग एकाच पिंपात धुतले, तिथेच घात झाला!"

वसंतात डॉगवुडची झाडं फुलली त्या सुमाराला ऑरिन एकदा आपणहून बोलला. "धाकटा भाऊ होता. टोबी. खाणीत पाठ मोडली... मग दुखण्याच्या गोळ्या. आधी डॉक्टरच्या, मग कुणाच्याही. जानेवारीत मलाच सापडला, स्वयंपाकघरात." डेल्फियानं कॉर्नब्रेडची, मक्याच्या पावाची थाळी त्याच्यापुढे सरकवली.

तुकडा मोडून तो म्हणाला, "करपलाय."

"मग नका खाऊ!"

"खातोय ना..." आणि त्यानं वर पाहिलं, अगदी सरळ तिच्या डोळ्यांत. पोरीचे कान लालबुंद झाले.

"हा बंदूक बघायला येतो की पोरगी?" व्हर्जिल स्टोव्हला विचारल्यासारखे म्हणाले.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मात्र तो आलाच नाही. डेल्फियानं दुकानाला कुलूप घातलं आणि गाडी अशी पळवली की काय सांगू! तो ओसरीवर बसला होता, शेजारी मातीनं माखलेले बूट. टोबीचे. आज टोबीचा वाढदिवस होता.

"भेटायची जागा दुकानात असते ना?" तो म्हणाला.

"बंदुकीनं विचारलंय, कुठे आहेस म्हणून." 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही. अंधार पडेपर्यंत ती त्या गारठ्यात त्याच्याजवळ बसून राहिली.

आणि मग, पुढच्या फेब्रुवारीत, मंजुरी आली.

दुसरं कुणी आनंदानं नाचलं असतं. डेल्फियानं ते पत्र गल्ल्याच्या तळाशी सरकवलं. बंदूक घरी गेली की शनिवार संपला. आणि तो त्या घरात एकटा, तेच स्वयंपाकघर, आणि जवळ ही... तरी तिनं फोन केला. तो आला, तोही काही फार खूश दिसला नाही.

"नेण्याआधी एकदा चालवून बघतो," तो म्हणाला.

मागच्या आवारात पुन्हा तसाच बर्फाळ पाऊस लागला होता. त्यानं खटका ओढला. एक बार, आणि बंदूक अडकली.

"आजोबांची आठवण काढली वाटतं," म्हणून त्यानं ती रिकामी केली, खोलली, आणि बोल्ट उजेडात धरला. "माझ्या बोल्टच्या कडेला ओरखडा आहे, याला नाही. हा माझा नाही. हा तुझ्या बाबांचा."

डेल्फिया मान खाली घालून उभी होती.

"तू अशी चूक करणार नाहीस, डेल्फिया."

"चूक नाही ती!" तिला रडू फुटलं. "काल मीच बदलला. चालती बंदूक तुझ्या हातात देऊन दार लावून घ्यायचं... नाही जमलं मला, ऑरिन! शिव्या दे हवं तर."

ऑरिननं बोल्ट तळहातावर फिरवून पाहिला.

"त्या दिवशी मी पिस्तूल कशाला मागत होतो... तुला कळलं होतं?"

"दारातून आत आलास तेव्हाच."

"तरीच." तो सावकाश बोलायला लागला. "मी दर आठवड्याला ठरवायचो, हा शनिवार होऊ दे, मग बघू. मग शनिवार यायचा... तू कॉर्नब्रेड करपवलेला असायचा. मग म्हणायचो, बरं, पुढचा शनिवार होऊ दे. काल तुझा फोन आला आणि माझी झोप उडाली. बंदूक घरी आली, की मी भेटायला कुणाकडे जायचं?"

तिनं मान वर केली. तो तोच बोल्ट परत बंदुकीत घालत होता.

"अरे, काय करतोस? तुझा घाल ना! ही चालणार नाही, आणि बाबांचीही नाही चालणार."

"नाही चालल्या तर नाही." त्यानं बोल्ट आत सारला. "दोन्ही बंदुका एका घरात येईपर्यंत — अशाच राहू देत."

तिला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं डोळे पुसले आणि नाक ओढत म्हणाली, "शनिवारी सांगितलं तर चालेल?"

"आज सांग, बाई. वर्ष काढलंय मी शनिवारांवर."

"मग हो! पण एक अट आहे." तिनं त्याचे गार, काळे हात आपल्या हातांत घेतले. "ओसरीवरचे टोबीचे बूट आपण दोघं मिळून आत घ्यायचे. धुऊन, नीट ठेवायचे."

ऑरिननं मान हलवली. आणि मग टोबी गेल्यापासून पहिल्यांदाच तो रडला — तिच्या खांद्यावर डोकं टेकून, मोठ्यानं, त्या भर पावसात.