पोकळ्याचा चेहरा

“आई, याला चेहराच नाही!”

पाळणाघर बंद, म्हणून पाच वर्षांची मिहिका आज कोल्हापुरातल्या कचेरीत, संपादक आईच्या, मधुवंतीच्या, मांडीवर बसून वीजबालेचं जुनं कॉमिक चाळत होती.

“तो पोकळ्या गं,” टेबलापलीकडून शिर्सेकरकाका म्हणाले. वीजबाला चाळीस वर्षं त्यांच्याच कुंचल्यातून उतरत आली होती. “एकतिसावा अंक. खप घसरला, तर मालक म्हणाले, आता भुतं आणा. छापखान्याचा माणूस दारात उभा, मी शाई मारतोय, आणि घाईत या भुताचा चेहराच राहून गेला! म्हटलं, गेली नोकरी. तर पोरांची पत्रांवर पत्रं. कोऱ्या जागेत पेन्सिलीनं आपापले चेहरे काढून पाठवले. एकानं गणिताचे मास्तर काढले होते, हुबेहूब.”

मधुवंती हसली, पण तिचं लक्ष समोरच्या नव्या अंकावर होतं. हा नाडीकागदावरचा पहिला अंक. कडेला बोट टेकलं की कागद नाडीचे ठोके मोजायचा, एकामागून एक डोळे, नाकं, ओठ दाखवून बघायचा आणि ज्यानं काळीज जास्त धडधडेल तेच पानावर ठेवायचा. पोकळ्याला आता प्रत्येक वाचकाच्या भीतीचा चेहरा मिळणार होता. लहान मुलांना चालेल, अशी सही तेवढी मधुवंतीची राहिली होती.

“वाचूया?” तिनं डाव्या कडेला अंगठा धरला, मिहिकानं उजव्या. पान उलटलं. कोऱ्या जागेत डोळे उमटले, विरले. नाकं बदलली. मग एक चेहरा ठरला. आवळलेले ओठ, डाव्या भुवईपाशी तीळ.

मधुवंतीचाच.

तिला सकाळ आठवली. सांडलेलं दूध, आपला चढलेला आवाज, कोपऱ्यात अंग चोरून उभी असलेली मिहिका.

“काका, माझी लेक मला भिते हो.”

“थांब जरा. कागदावर बोटं दोघींची आहेत. तुझं काढ बघू.”

तिनं अंगठा उचलला. तीळ पुसट झाला, ओठ विरले. जागा पुन्हा कोरी. मिहिका मजेत पुढचं चित्र बघत होती.

“भीती नाही वाटली तुला?”

“कशाला? वीजबाला येतेय ना!”

“आता तिचं काढ, तुझं ठेव,” काका हळूच म्हणाले.

मधुवंतीनं मिहिकाचा अंगठा अलगद बाजूला करून आपला टेकला. तोच चेहरा परत आला. ओठ आणखी आवळलेले.

मग तिनं सही न करताच पेनाला टोपण लावलं.

“साध्या कागदावर छापू, काका. चेहरा कोराच ठेवून.”

“मालकांना काय सांगशील?”

“सांगेन, की पोरांना पेन्सिली आहेत.”

मिहिकानं आईच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे.

“आई, तू तुलाच घाबरतेस?”

मधुवंतीनं अंक मिटून बाजूला ठेवला.

“मग मी पाळणाघरात असते ना,” मिहिका तिला बिलगत म्हणाली, “तेव्हा तुझ्यासोबत कोण असतं?”